कात्रीची आंघोळ

अवजारं झाडांशी बोलत असत, त्या काळी गच्चीवरच्या एका भाजीबागेत जुनी कात्री राहायची. सगळी रोपं तिला मावशी म्हणत. कुणाचं पान रोगट दिसलं की ती ते मायेने छाटायची.

एकदा टोमॅटोची डागाळलेली पानं छाटून ती तशीच मिरचीकडे आली.

"मावशी, आधी साबणाने आंघोळ करा. तुमच्या पात्यांना टोमॅटोचा रोग लागलाय," मिरची म्हणाली.

"मी रोग काढते गं, लावत नाही! तुझ्या आजीलाही मीच छाटायचे."

"कारटे, मोठ्यांशी असं बोलतात?" म्हातारा कढीपत्ता खेकसला.

शेजारच्या वांग्याच्या रोपाला भांडण नको होतं. त्याने मुकाट्याने आपली फांदी पुढे केली आणि कात्रीने ती न धुतलेल्या पात्यांनीच छाटली. थोड्याच दिवसांत कापल्या जागेपासून त्याच्या पानांवर तसेच डाग पसरले.

कात्रीने ते डाग पाहिले. "बाळा, तू का नाही बोललंस?"

"तुम्ही मोठ्या ना, मावशी."

कात्री मिरचीपाशी गेली. "साबण कुठाय गं? आणि पुढे कधी विसरले, तर अशीच ओरड."

आंघोळ करून तिने वांग्याची डागाळलेली पानं काढली आणि कुणी न सांगता पुन्हा साबणाकडे वळली.