बिनछपराच्या हॉलातली क्वांडाँग पाई

"...आणि त्या ट्रेगिअरबाईनं म्हणे एका पाईसाठी एकटीनं हॉलचं अख्खं छप्पर उचकटून..."

एवढंच कानावर येतं. पेडलर्स क्रीकच्या बेकरीत पुढे उभ्या असलेल्या दोघी बोलत असतात, तेवढ्यात त्यांचा नंबर लागतो, पिशव्या उचलून त्या चालू पडतात, आणि राहिलेलं वाक्य त्यांच्याबरोबर मोटारीत बसून निघून जातं. मागे उभं असणाऱ्यानं काय करावं? अर्धी गोष्ट पोटात ठेवून कुणाला घास गोड लागलाय!

पेडलर्स क्रीक हे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर अंगाचं, तांबड्या मातीतलं गाव. नावात ओढा आहे, ओढ्यात नुसती वाळू. एक रस्ता, एक बेकरी, एक पेट्रोल पंप, आणि रस्त्याच्या टोकाला दगडी हॉल. भिंती हातभर जाडीच्या, खिडक्यांना दर साली नवा हिरवा रंग, आत बाकं झाडूनपुसून मांडलेली, आणि वर बघावं तर आभाळ. पडीक म्हणावं तर पडीक नाही, नवं म्हणावं तर डोक्यावर छप्पर नाही. पाहुणा हमखास दारात थबकतो आणि आधी वर बघतो.

खायचं म्हणाल तर या मुलखात उपाशी कुणी परत जात नाही. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून खाणीत राबायला आलेल्या लोकांची पेस्टी आहे. मांस, बटाटा, कांदा भरून कडेला मुरड घातलेली, आपल्या करंजीची थोरली बहीणच म्हणा. तळलेला किचनर बन आहे, पोटात जॅम आणि घट्ट साय. शहराकडे तर हिरव्या वाटाण्याच्या दाट सूपमध्ये मांसाची पाई तरंगत आणून ठेवतात. बघून नाक मुरडणारा माणूस दुसऱ्या चमच्याला गप्प होतो. पण पेडलर्स क्रीकला येऊन क्वांडाँगची पाई न खाता गेलात, तर आलात कशाला असं तोंडावर विचारतील. क्वांडाँग म्हणजे रानातलं लालभडक फळ, मोठ्या बोराएवढं. चव जर्दाळूची, पण चिंचेनं कान पिळल्यासारखी. मैद्याच्या पारीत त्याचं सारण भरून भट्टीत भाजतात. बेकरी ती विकते, पण खायची मात्र या उघड्या हॉलात. घरी नेऊन खाल्ली तर पाप लागत नाही. गावकरी फक्त हसतात.

असं का, ते मर्लबाई सांगतात. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, दारालगतचं बाक त्यांचं. या मातीची जी मूळ माणसं, गोऱ्यांच्या आधीपासूनची, त्यांतल्या त्या. ही हकिकत त्यांच्या आजीची. गावानं आणि मेंढपाळ मालकांनी त्या आजीला आयव्ही म्हटलं. तिचं खरं नाव तिच्या माणसांपाशी आहे, आणि ते कुणाला सांगायचं ते त्यांचं तेच ठरवतात.

त्या काळी म्हणे सलग तीन वर्षं पाऊस झाला नव्हता. मेंढ्यांची हाडं दिसायला लागली, जर्दाळूच्या बागा उभ्या वाळल्या. टॅमसिन ट्रेगिअर ही खाण कोसळून विधवा झालेली बाई. नवऱ्यामागे तिच्याकडे एक भट्टी, एक शिडी आणि त्याच्या हत्यारांची पेटी राहिली होती. पेस्ट्या विकून ती पोट भरी. पण सारणाला बटाटा मिळेना आणि गोडाला फळ मिळेना, तेव्हा एके सकाळी तिनं आयव्हीला ओढ्याकाठच्या झाडाखाली लाल फळं वेचताना पाहिलं आणि विचारलं, "हे खातात?"

आयव्ही तिच्याकडे बघून म्हणाली, "नाही. मी दागिने करते."

आणि मग तिनं तिला सगळं शिकवलं. हे झाड शेजारच्या झाडाच्या मुळाला मूळ लावून जगतं, म्हणून शेजार तोडायचा नाही. एमू पक्ष्यांना सगळ्यात गोड झाड ठाऊक असतं, त्यांच्या मागे जायचं. फळ फांदीवरच सुरकुतलं तरी ते सडलेलं नसतं, वाळलेलं असतं, वर्षानुवर्षं टिकतं. टॅमसिननं पहिल्या खेपेला तसली अर्धी टोपली खराब म्हणून फेकली, तर आयव्हीनं तिला गुडघ्यावर बसवून एकेक फळ वेचायला लावलं. "तीन वर्षं पाऊस नाही, आणि हिला टवटवीत पाहिजे," असं म्हणत होती म्हणे.

दोघींनी मिळून पाई केली. आणि गाव जगलं. दुष्काळात पोराबाळांच्या तोंडात जे काही गोड गेलं ते हेच. घराघरात जॅमच्या बरण्या भरल्या. पण फळ कुणी दाखवलं हे कुणी बोलेना. हळूहळू लोक 'आपलं रानातलं फळ' म्हणायला लागले, जसं काही स्वतःच्याच परसात उगवलं होतं.

पुढे सप्टेंबर आला आणि वार्षिक शो भरला. शो म्हणजे जत्रा आणि शेतीचं प्रदर्शन एकत्र; मेंढ्या, लोकर, केक, लोणची, सगळ्याला नंबर देतात. या हॉलात टेबलं मांडली. शोच्या समितीचा अध्यक्ष मेजर पिगॉट, मिशा पिळलेला, मेंढ्यांचा मोठा मालक. टॅमसिननं आपली पाई ठेवली आणि पुढे चिठ्ठी लावली: 'क्वांडाँग पाई. करणार आयव्ही आणि टॅमसिन ट्रेगिअर.'

मेजरनं चिठ्ठी वाचली. "मिसेस ट्रेगिअर, पाई छान दिसतेय. एक नाव काढून टाका."

"कुठलं? माझं?"

"विनोद नको. तुम्हाला नियम ठाऊक आहे."

नियम सगळ्यांनाच ठाऊक होता. दाराशी पाटीवर लिहिला होता: जो सभासद नाही त्यानं या छपराखाली येऊ नये, आणि त्याच्या हातचा जिन्नस या छपराखाली पारखला जाऊ नये. आयव्हीच्या माणसांना कुणी सभासद करून घेत नसे. धुणं-भांडी करायला मागच्या अंगणात यायचं, शोच्या दिवशी फाटकाबाहेर उभं राहायचं. त्या दिवशीही आयव्ही फाटकाशी, मिऱ्यासारखे दाणे धरणाऱ्या झाडाच्या सावलीत उभी होती.

"नाव काढलं तर नंबर तुमचाच," मेजर हळूच म्हणाला. "सोप्पं आहे."

पहिला नंबर म्हणजे रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहाचं वर्षभराचं काम, हे गावाला माहीत होतं. टॅमसिनच्या भट्टीत त्या आठवड्यात दोनदाच जाळ झाला होता. तिनं चिठ्ठीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मग वर पाहिलं.

"छपराखाली नाही चालत ना?"

"नाही."

"बरं."

आणि ती गेली. लोकांना वाटलं, बाई रडायला गेली. थोड्या वेळानं ती खांद्यावर शिडी आणि हातात नवऱ्याची कटावणी घेऊन परत आली. परकर खोचला, भिंतीला शिडी लावली आणि वर चढली. आतल्या लोकांना पत्र्यावरून चालल्याचा धडधड आवाज आला, मग खिळे उचकटल्याची कर्रकर्र, आणि अचानक पाईच्या टेबलावर, बरोबर पाईवर, उन्हाचा चौकोन पडला. भोकातून टॅमसिनचं लालबुंद तोंड डोकावलं.

"मेजरसाहेब, ही पाई आता छपराखाली नाही. पारखा!"

पंच होते परगावचे एक म्हातारे बेकरीवाले. त्यांनी मान मागे टाकून आभाळ पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, "छप्पर तर दिसत नाही." आणि सुरी उचलली.

इथे टॅमसिन जिंकली असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं. ती शिडीवरून उतरली, धावत फाटकाशी गेली, हात काळे, कपाळाला गंज, आणि म्हणाली, "आयव्ही, घेतली! आपली पाई आत घेतली!"

आयव्ही जागची हलली नाही.

"पाई आत गेली," ती म्हणाली. "मी कुठे आहे?"

टॅमसिन काळे हात परकराला पुसायला लागली.

"तू पाईपुरतं भोक पाडलंस. माझ्या मापाचं कधी पाडणार?"

मर्लबाई इथे नेहमी थांबतात आणि ऐकणाऱ्याकडे बघतात. सांगतात की टॅमसिनचं तोंड चपराक बसल्यासारखं झालं. कारण खरं होतं. तिनं नियम मोडलाच नव्हता, नियमाला वळसा घातला होता, आणि वळशात स्वतः तेवढी बसली होती.

टॅमसिन वळली, परत हॉलाशी आली, कटावणी उचलली. तोवर मेजर दारात उभा. "पत्रा बसवा! आत्ताच्या आत्ता! नॅन्कॅरो, चढ वर आणि पत्रा बसव!"

बर्ट नॅन्कॅरो गावचा लोहार. जुनं झालेलं हे छप्पर त्यानंच दहा वर्षांपूर्वी नव्यानं घातलं होतं. तो शिडीपाशी आला. टॅमसिन शिडीच्या खालच्या पायरीला धरून उभी होती.

"बाजूला व्हा, मिसेस ट्रेगिअर."

"बर्ट, तुझ्या घरात या फळाच्या किती बरण्या आहेत?"

बर्टनं शिडीला हात घातला.

"तुझ्या पोरीला ताप होता तेव्हा तिनं काय खाल्लं होतं?"

बर्ट फाटकाकडे बघत राहिला. आयव्हीही त्याच्याकडे बघत होती. डोळे खाली घातले नव्हते. मग त्यानं टोपी काढून खुंटीला लावावी तशी शिडीच्या पायरीच्या टोकाला लावली आणि चढला. वरून त्याचा आवाज आला, "मेजर, हे पत्रे मी बसवले. काढायला मला कुणाची परवानगी नको." आणि दुसरा पत्रा खाली आला.

मग तिसरा. मग कुणीतरी दुसरी शिडी आणली. ज्या ज्या घरात बरणी होती त्या त्या घरचा एकेक माणूस वर चढला म्हणे, आणि बायकांनी खाली पत्रे झेलून भिंतीला लावले. केकवर गंज पडला, लोणच्यांत धूळ गेली, मेंढ्या बावचळल्या, पण कुणी थांबलं नाही. दुपार कलायच्या आत हॉलात ऊन भरलं.

तेव्हा आयव्ही फाटकातून आत आली. घाई नाही केली. पाटीपाशी थांबली, ती वाचली. तिला वाचता येत होतं, हेही गावाला त्याच दिवशी कळलं. आणि पुढच्या दारानं आत गेली. बाजूला सरून वाट करून द्यावी लागली, एवढी गर्दी होती. तिनं पाईचा तुकडा उचलला, उभ्यानंच खाल्ला, सावकाश. अख्खं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"साखर जास्त झाली," ती टॅमसिनला म्हणाली. "मी सांगितलं होतं."

नंबर त्या पाईला मिळाला नाही. पंचांनी दिला होता, पण मेजरनं बक्षिसाची फीत खिशातून काढलीच नाही. उपाहारगृहाचं काम दुसऱ्या कुणाला गेलं. टॅमसिन पुढेही पेस्ट्याच विकत राहिली, पण तिच्या दुकानाच्या पाटीवर मरेपर्यंत दोन नावं होती, आयव्हीचं आधी.

तर रांगेत ऐकलेलं ते वाक्य खरं की खोटं? एकटीनं अख्खं छप्पर काढलं का? हे विचारलं की मर्लबाईंना मनापासून राग येतो.

"एकटीनं? बाईनं एक पत्रा काढला. एक! आणि तोही चुकीच्या कामासाठी. बाकीचे माझ्या आजीनं काढले, फाटकाशी उभं राहून." मग काठी उचलून हॉलाच्या पार मागच्या टोकाला दाखवतात. "आणि अख्खं कुठे? ते बघा."

बघावं तर खरंच. मागे व्यासपीठ आहे, आणि त्याच्यावर चार पत्रे अजून शाबूत आहेत, गंजून तपकिरी झालेले. त्या दिवशी मेजर पिगॉट तिथे खुर्ची टाकून बसला होता, हाताची घडी घालून, आणि ओरडत होता, "माझ्या डोक्यावरचा काढून दाखवा!" बर्ट कटावणी घेऊन तिथवर पोचलाही होता. आयव्हीनं त्याला हाक मारली.

"राहू दे तेवढे," म्हणाली. "त्याला लागतील."

म्हणून ते चार पत्रे राहिले. म्हणजे अफवेतली पाई खरी, पत्रा खरा, बाई खरी. एकटी आणि अख्खं, हे दोन्ही लोकांनी चघळून चघळून लावलेलं.

आजही शोच्या समितीपुढे दर साली कुणीतरी नवखा माणूस ठराव मांडतो की हॉलाला छप्पर घालावं, आणि दर साली हात मोजायच्या आधीच तो ठराव पडतो. आजही पहिली पाई मर्लबाईंच्या घरच्यांच्या हातची असते आणि ती उभ्यानं खातात. गेल्या शोला तर इतक्या वर्षांनी नेमका पाऊस आला. बाकं भिजली, ताटल्यांत पाणी साचलं, पारी मऊ पडली. मागे व्यासपीठावर चार पत्र्यांखाली वीस माणसं आरामात मावतील एवढी कोरडी जागा होती. तिथे एकही माणूस गेला नाही. शहरातून आलेला एक पाहुणा ताटली डोक्यावर धरून तिकडे धावायला निघाला, तेव्हा बेकरीवाल्या बाईनं त्याचा दंड धरला.

"इथेच उभे राहा," ती म्हणाली. "भिजलेला माणूस वाळतो."