एक खिळा, दोन पाय

बाजेचे पाय फरशीवर टकटक वाजत होते... लालगीरबुवांनी तो आवाज फार वर्षांपूर्वी, लहानपणी ऐकला होता. आई तापाने थरथरत होती. सकाळी बाज गप्प झाली.

आज त्यांच्या मठाच्या ओसरीवर पुन्हा तोच आवाज. बाजेवर वीटभट्टीवरची सुंदरा. पायाला खिळा लागलेला, लाली पोटरीपर्यंत चढलेली.

"पण असं होईलच कसं, बुवा?" अंबादास चिडून विचारत होता. हा बुवांचा शिष्य. त्याच्या लेपाचं पंचक्रोशीत नाव होतं. "पाटलांच्या सूनबाईंनाही खिळाच लागला होता. लेप तोच, हात माझाच. त्या परवा लग्नात फुगडी खेळल्या! हिचीच श्रद्धा कमी पडली, दुसरं काय?"

सुंदराचा नवरा कचरू मान खाली घालून उभा होता.

"म्हाराज, तिला साखर हाय. गोळ्या कवाच सरल्या. तालुक्याला जायाला मुकादम सोडंना... लेप लावला तरी ती चिखल तुडवीतच व्हती."

"आणि आता?" बुवांनी हळूच विचारलं.

"आता मला वळखंना."

बुवांनी तिचा हात हातात घेतला. अंग भाजत होतं, बोटं मात्र गार. छाती भात्यासारखी हलत होती.

ते उठले. धुनीतला एक निखारा चिमट्यात धरला आणि ओल्या अंगणात टाकला.

चुर्र... विझला.

दुसरा निखारा धरून ते अंबादासच्या झोपडीकडे निघाले. चिमटा वाळक्या गवताच्या छपराशी नेला.

"बुवा! अहो, पेटेल ना सगळं!"

"का रे? निखारा तर तोच आहे."

अंबादासने वळून बाजेकडे पाहिलं.

...

मागे बाज वाजतच होती.

"हिला मोठ्या दवाखान्यात ने," बुवा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. रस्त्याला जीप मिळेल. साखर आहे, हे आधी सांग."

"मी नेऊ? लोक म्हणतील, अंबादासचा लेप फसला."

"म्हणू देत."

"सगळा गाव म्हणेल, बुवा..."

"म्हणायला सुंदराही जगू दे, बाळा."

अंबादासने बाजेची डोक्याकडची बाजू उचलली, कचरूने पायाकडची, आणि दोघे रस्त्याकडे चालू लागले.