चिमटीची शेंग आणि बिनमुठीचा कप्पा

एक होती उंदरीण. एवढीशी. तिचं नाव चिमटी.

चिमटीला मिळाली शेंग. टपोरी, भुईमुगाची. शेंग घेऊन ती शिरली हरबा मिस्त्रींच्या घरात. तुरुतुरु, तुरुतुरु.

हरबा मिस्त्री फार म्हणजे फारच थोर सुतार. ते खुर्ची करत आणि तिची पाठ काढून टाकत. मग हात काढून टाकत. कपाट करत आणि मूठ काढून टाकत. म्हणत, "जे नसलं तरी चालतं, ते नसावंच!" लोक लांबून येत. काहीच नाही, ते बघत. आणि म्हणत, "वा वा! वा वा!"

कपाटाचा कप्पा होता उघडा. शेंग घरंगळली. गडगड गडगड. पडली कप्प्यात. तेवढ्यात मिस्त्रींनी कप्पा लोटला. ठप्प!

चिमटी रडू लागली. चूं चूं चूं! सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने कप्पा कुरतडून पाहिला. दातच दुखले.

"कप्प्या कप्प्या, माझी शेंग दे."

"कशी देऊ? मला मूठ नाही. मिस्त्रींना सांग."

चिमटी गेली तुरुतुरु.

"मिस्त्री मिस्त्री, मूठ लावा.
कप्पा माझी शेंग देत नाही!"

"मूठ? छे छे! शोभत नाही. नाही लावणार, जा!"

चिमटी गेली तुरुतुरु.

"खुर्चीताई खुर्चीताई, मिस्त्रींना पाड.
मिस्त्री मूठ लावत नाही,
कप्पा माझी शेंग देत नाही!"

"मी कशाला पाडू? मी नुसती उभी राहते. छान दिसते. नाही पाडणार, जा!"

चिमटी गेली तुरुतुरु.

"वाळवीबाई वाळवीबाई, खुर्ची खा.
खुर्ची मिस्त्री पाडत नाही,
मिस्त्री मूठ लावत नाही,
कप्पा माझी शेंग देत नाही!"

"तिच्यात खायला आहे काय? पाठ नाही, हात नाहीत. नाही खाणार, जा!"

चिमटी गेली तुरुतुरु.

"कोंबडीताई कोंबडीताई, वाळवी टिप.
वाळवी खुर्ची खात नाही,
खुर्ची मिस्त्री पाडत नाही,
मिस्त्री मूठ लावत नाही,
कप्पा माझी शेंग देत नाही!"

"पक पक! माझं पोट भरलंय. नाही टिपणार, जा!"

चिमटी गेली तुरुतुरु. मिस्त्रींच्या बायकोकडे.

"सगुणावहिनी सगुणावहिनी, कोंबडी झाका.
कोंबडी वाळवी टिपत नाही,
वाळवी खुर्ची खात नाही,
खुर्ची मिस्त्री पाडत नाही,
मिस्त्री मूठ लावत नाही,
कप्पा माझी शेंग देत नाही!"

"कुठला कप्पा? तोच ना?" वहिनी म्हणाल्या. "अगं, माझी आमटीची पळी त्यातच अडकलीय! थांब, झाकतेच!"

वहिनींनी टोपली उचलली.

"मला झाकू नका, मी वाळवी टिपते!" म्हणाली कोंबडी.

"मला टिपू नकोस, मी खुर्ची खाते!" म्हणाली वाळवी.

"मला खाऊ नकोस, मी मिस्त्री पाडते!" म्हणाली खुर्ची.

मिस्त्री जेवायला बसले होते. खुर्ची हलली. लटलट लटलट! धरायला गेले, तर हात नाहीत. टेकायला गेले, तर पाठ नाही. धप्प!

"वा वा!" मिस्त्री म्हणाले. "पडलो, पण किती साधा पडलो! मूठ नाही म्हणजे नाही. अगं, जेवायला वाढ."

वहिनींनी ताट ठेवलं. लखलखीत. रिकामं.

"आमटी?"

"नसली तरी चालते. पळी कप्प्यात आहे."

"आणि भाकरी?"

"अहो, ती शोभत नाही. ताट बघा कसं मोकळं! वा वा!"

मिस्त्रींनी ताट बघितलं. खूप बघितलं. पोट काही भरेना. पोटात कावळे ओरडू लागले.

मिस्त्री उठले. ठाक ठोक, ठाक ठोक. मूठ लावली. ओढली. खर्रर्र! पळी निघाली. शेंगही निघाली!

"मूठ हवीच," मिस्त्री म्हणाले. "मी केव्हाचा म्हणत होतो!"

चिमटीने शेंग फोडली. कुटुक कुटुक! दाणे फस्त केले. रिकामं टरफल मिस्त्रींच्या हातावर ठेवलं.

"हे तुम्हाला. आत काही नाही. बघत बसा!"

आणि गेली तुरुतुरु.

मिस्त्रींनी टरफल टेबलावर मांडलं. लोक आले लांबून. वाकून वाकून बघितलं. म्हणाले, "वा वा! वा वा!"

दाणे चिमटीचे, टरफल मिस्त्रींचं, वा वा लोकांची, आणि गोष्ट आपली!