घामाला सुट्टी

"मग बुवा, यात माझं काय चुकलं?"

प्रश्न मठातल्या गोविंदबुवांना होता. दुपारची झोप नुकतीच झाली होती. ते घोंगडीवरच बसून होते.

समोर बसलेले श्रीपतराव शिंत्रे काही ऐरेगैरे शिष्य नव्हते. गावाबाहेर त्यांची फौंड्री होती आणि भट्टी बारा महिने तेरा काळ पेटलेली. पाळी बारा तासांची. सुट्टी एकच, खंडेनवमीची, तीही यंत्रांची पूजा असते म्हणून.

गेल्या मंगळवारी तिथला कामगार ईश्वरा कामावर उभ्या उभ्या पेंगला. हातातल्या पळीतलं वितळलेलं लोखंड पायावर सांडलं. पाय गेला.

"आता सरकारी साहेब म्हणतो, पाळी आठ तासांची करा, आठवड्याला सुट्टी द्या. मी कोर्टात जाणार. तुमचा आशीर्वाद हवा."

"तो पेंगतोय, हे कुणाला दिसलं नाही?"

"मला दिसलं की. मीच त्याला भिंतीकडं बोट दाखवलं."

"भिंतीवर काय आहे?"

श्रीपतरावांची छाती फुगली. "तुमचंच वचन! हातभर अक्षरांत रंगवून घेतलंय. 'घामाला सुट्टी नसते.' खाली तुमचं नाव. ईश्वरा रोज त्याला हात जोडून आत जायचा."

बुवांचा चेहरा उतरला. कधीतरी कीर्तनाच्या भरात ते हे बोलून गेले होते. टाळ्याही पडल्या होत्या. त्या टाळ्या आठवून आज त्यांना स्वतःचीच लाज वाटली.



"बुवा?"

"तू केव्हा आलास, श्रीपती?"

"दीडला."

"मग आत का नाही आलास?"

"असं कसं? जेवणानंतर तासभर तुम्ही आडवे होता. तेव्हा मठाचं दार कोण वाजवतंय? परवा आमदारसुद्धा पायरीवर बसून राहिले."

"हे नाही लिहिलंस भिंतीवर?"

श्रीपतराव हसले. बुवा हसत नाहीत, हे पाहून सावरून बसले.

"हे काय वचन आहे होय, बुवा?"

बुवा उठले. घोंगडीची घडी करून काखेत मारली, पायात वहाणा सरकवल्या.

"चल. आधी ईश्वराच्या घरी जाऊ. त्याच्या पाया पडायचंय मला."

श्रीपतराव उंबऱ्यातच घुटमळले. "आणि... आशीर्वाद?"

बुवा पायरीवरून मागे वळले.

"ते वचन पुसू नकोस. त्याच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिही... बुवा रोज दुपारी तासभर झोपतात."