कातळाला साष्टांग

"मग सांगू ना त्यांना खणायला, बुवा?"

उमाकांतनं पुन्हा विचारलं. खाली वळणावर खड्डे पाडायचं यंत्र उभं होतं, त्यामागे टेम्पोत वडापिंपळाची रोपं. पोटच्या पोरासारखी वाढवली होती त्यानं ती. माणूस मनाचा वाईट नव्हेच. फक्त भूगर्भशास्त्राची पदवी आणि गुरूच्या नावानं वन उभं करायची हौस, दोन्ही एकाच डोक्यात घुसल्या होत्या. मग तिथं तिसऱ्या कशाला जागा कुठून उरणार?

रवळूबुवा डोंगरमाथ्यावरच्या त्या सपाट कातळाकडे, सड्याकडे, नुसते बघत राहिले.

"काय आहे इथं?"

"काही नाही, म्हणून तर लावतोय. सगळा जांभा दगड, माती बोटभर. गवत येतं, ते दिवाळीपर्यंत वाळतं."

"नीट बघितलंस?"

"सगळा सडा चालून बघितलाय, बुवा."

"चालून..."

बुवा हसले. "बरं. आशीर्वाद हवा तर नमस्कार कर."

उमाकांत वाकला. बुवांनी पाय मागे घेतले.

"मला नको. त्याला कर. साष्टांग."

"कातळाला?"

"का, शर्ट मळेल?"

शर्ट पांढरा होता, आजच्या मुहूर्तासाठी खास इस्त्री केलेला. पण गुरूची आज्ञा ती आज्ञा. बुवांनी काठीनं एक उघडा दगड दाखवला, त्यावर तो पालथा झाला. कपाळ टेकलं आणि लगेच उठू लागला.

बुवांनी काठी त्याच्या पाठीवर टेकवली.

"डोळे मिटून कसला नमस्कार? उघड."

उमाकांतनं डोळे उघडले.

"दिसतंय काही?"

"फुलं आहेत. निळी. नखाएवढीसुद्धा नाहीत." थोडा वेळ गेला. "आणि हे लाल... याच्या केसांवर दव आहे. चिलट अडकलंय त्यात. बुवा, हे झाड चिलट खातंय."

"मातीनं उपाशी ठेवल्यावर काय करील बिचारं?"

उमाकांतनं नाक आणखी जवळ नेलं.

"पलीकडच्या सड्यावर याचं भावंड आहे," बुवा म्हणाले. "रंग निराळा. मधे दरी आली, आणि एकमेकांचं तोंड बघायचं राहून गेलं."

"दरी कधी आली?"

"मला काय विचारतोस? शिकलास तू."

परीक्षेत लिहिलं होतं त्यानं हे सगळं. लाव्हारसाचे थर, त्यावर युगानुयुगं कोसळलेला पाऊस, दगड कुजून झालेला जांभा, पाण्यानं कापलेल्या दऱ्या. चांगले गुणही पडले होते. पण ते सगळं असं नाकासमोर फुलून उभं असेल, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बुवांनी त्याच्या डोक्याजवळचा एक सुटा धोंडा हलकेच उलथला. ओलीत काळंभोर, चकचकीत काहीतरी वळवळलं.

"देवगांडूळ," उमाकांत कुजबुजला. "नावाचंच गांडूळ, बुवा. खरं तर बेडकाच्या नात्यातलं. याचे चुलते आफ्रिकेत आहेत. ती जमीन आणि ही जमीन एक होती तेव्हाचं घराणं. मग जमीन फाटली, मधे समुद्र आला, इथं आग वाहिली..."

"आणि हा?"

"हा... कुठंतरी ओलाव्याला राहिला असेल."

बुवांनी धोंडा होता तसा झाकला.

खालून यंत्राची घरघर ऐकू आली. वाट बघून कंटाळलेला चालक आपला वर निघाला होता.

"बुवा, त्याला थांबवायला हवं. खणलं तर..."

उमाकांत घाईनं उठला. एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी राहिला. पुढं निळं, शेजारी लाल, मागंही निळंच. घरघर जवळ येत होती आणि त्याला एक पाऊल टाकता येईना.

"बुवा... पाय कुठं ठेवू?"

"येताना कुठं ठेवला होतास?"