बकुळीच्या आईचा सोफा

सावरीच्या बनापलीकडे, निळ्या निळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक पिटुकलं घर होतं. त्याला बांबूच्या भिंती होत्या आणि दाराशी पिवळ्याधमक झेंडूची चार रोपं. त्या घरात बकुळी नावाची मुलगी आणि तिची आई हौसा राहायच्या. हौसा बांबूच्या टोपल्या विणायची. इवल्या इवल्या परड्या, गोल पोटाच्या करंड्या, ऐटबाज सुपं. तिच्या बोटांतून बांबूच्या कामट्या अशा सळसळत पळायच्या, जशा पाण्यातून मासोळ्या.

पण गेल्या थंडीत डोंगरावरून बांबूचा भारा आणताना हौसाचा पाय घसरला आणि ती पाठीवर आपटली. हाड मोडलं नाही, पण पाठ बिघडली ती बिघडलीच. सरळ बसलं की कंबर धरायची. टेकून बसलं की मान अवघडायची. आडवं झालं की पायाला मुंग्या यायच्या. टोपलीचं बूड विणून होईपर्यंत चारदा कूस बदलावी लागायची, तेवढ्यात कामट्या सुटून जायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टोपल्या होत नव्हत्या, म्हणून डब्यात पीठ नव्हतं. मायलेकी सकाळी पेज प्यायच्या आणि संध्याकाळी तीच पेज, थोडं पाणी वाढवून.

घरात बसायला म्हणाल तर एक चटई, एक गोधडी, एक डुगडुगणारा पाट आणि एक चपटी झालेली उशी. बकुळी दिवसभर याच चार वस्तूंची फिरवाफिरव करायची.

"बकुळे, उशी पाठीला लाव."

"इथे?"

"एवढी वर नको गं. खाली."

"आता?"

"खाली म्हटलं तर अगदीच खाली घातलीस. काढ ती. गोधडी दे."

"घडी करून देऊ?"

"कर. नको, राहू दे. पाटच आण."

चैत्रातल्या एका सकाळी बकुळीने दहाव्यांदा पाट आणला आणि दहाव्यांदा परत न्यायला उचलला. तेव्हा मात्र तिने तो धाडकन जमिनीवर टाकला.

"आई, तुला नक्की काय हवंय ते एकदाच सांग ना. सारखं हे आण, ते ने, हे काढ, ते घाल. कंटाळले मी."

भिंतीचा आधार घेत हौसा हळूच दुसऱ्या कुशीवर झाली आणि म्हणाली, "मला तरी कुठे कळतंय, बाळा? कळलं असतं तर सांगितलं नसतं का?"

बकुळीला रागही आला आणि रडूही आलं. तिने कोपऱ्यातली टोपली उचलली. "नव्या उशीसाठी कापूस आणते," एवढंच म्हणाली आणि बनाकडे निघाली.

बनात लाल फुलांचा बहर सरला होता आणि सावरीची तपकिरी बोंडं टपटप तडकत होती. त्यांतून पांढराशुभ्र, रेशमासारखा कापूस उडत होता. कोवळ्या उन्हात त्याचा एकेक तंतू चंदेरी चमकायचा, हिरव्या पोपटांच्या शेपट्यांना चिकटायचा, बकुळीच्या केसांवर अलगद बसायचा. ती कापूस वेचत वेचत पुढे गेली, तो तिला एक त्रासलेला आवाज आला.

"ओढू नकोस. आधीच सांगते. सकाळपासून तीन माकडांनी ओढून झालंय."

सावरीच्या खोडावर टोकदार काटे असतात. त्या काट्यांत एक परी अडकली होती. उंचीने हातभर, कापसाचा झुळझुळीत झगा, आणि चतुरासारखे दोन पातळ पंख. पंखांवर निळ्या, जांभळ्या, सोनेरी रंगाच्या ठिणग्या लुकलुकत होत्या. उजवा पंख चार काट्यांत गच्च गुंतला होता.

बकुळीने पंखाला हातच लावला नाही. तिने काटे एकेक करून मुळाशी मोडले. तिची बोटं टोचून लाल झाली, पण बांबूच्या कुसांची सवय असलेली बोटं होती ती. चौथा काटा मोडला आणि पंख आपोआप सुटला, एवढासाही न फाटता.

परीने पंख झटकून पाहिला आणि एक मोठा सुस्कारा सोडला. "मी विसावापरी. बसायच्या, टेकायच्या, लवंडायच्या सगळ्या जागा माझ्याकडे. तू मला सोडवलंस, तेव्हा तुझं एक मागणं मला पुरवावं लागणार. बोल."

"माझ्या आईची पाठ बरी कर, मावशी."

"मी कुणाची मावशी नाही. आणि पाठ बरी करणं माझ्या हातात नाही. मी फक्त बसायला देऊ शकते. हे मला रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं."

बकुळीने थोडा विचार केला. "मग अशी जागा दे, की आई कशीही बसली, कशीही वळली, तरी तिला दुखणार नाही."

"म्हणजे सोफा," परी म्हणाली. "आता नियम ऐक, नंतर कुरकुर चालणार नाही. सोफा एकच मिळेल. घरी गेलेला सोफा बदलून मिळत नाही. मोठ्या माणसांना माझी बाग दिसत नाही, तेव्हा आईला बोलवायचं नाही. बसून बघायचं ते तूच. आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत निवडायचं. नाही निवडलंस तर मागणं विरून जाईल."

तिने टिचकी वाजवली. झाडांच्या मधोमध हिरवळ पसरली आणि हिरवळीवर सोफेच सोफे उगवले. डाळिंबी मखमलीचा, सोनेरी पायांचा. मोरपिशी रेशमाचा, मोत्यांच्या झालरीचा. एक पिवळाजर्द, एक गुलाबी, एक तर चक्क चांदण्यांच्या बुट्ट्यांचा. सगळे लखलखत होते.

बकुळी डाळिंबी सोफ्यावर बसली. अगदी ढगात बसल्यासारखं वाटलं. मग मोरपिशीवर बसली. तोही छान. पिवळा छान, गुलाबी छान. सातव्या सोफ्यावरून उतरली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"आता काय झालं?" परीने विचारलं.

"सगळेच छान आहेत."

"मग घे एक आणि जा."

"पण मला कुठे काय दुखतंय? मला सगळीकडेच बरं वाटणार. आईला कुठे बरं वाटेल ते मला कसं कळेल?"

परीने कपाळाला हात लावला. "अगं मुली, पोरं येतात, चमक बघतात, दोन उड्या मारतात आणि घेऊन जातात. आठ दिवसांनी झाडाखाली उभी राहून मलाच बोलतात, ते वेगळं. पण निवडताना तरी वेळ लावत नाहीत."

बकुळी हिरवळीवर मांडी घालून बसली आणि डोळे मिटून आईला आठवू लागली. मग ती उठली, पुन्हा डाळिंबी सोफ्यावर गेली, आणि या वेळी ती आईसारखी बसली.

आधी ताठ. आई पेज पिऊन होईपर्यंत अशीच बसायची. मग भार हळूहळू डाव्या अंगावर. मग उजवा गुडघा वर. मग मागे टेकून डावा पाय लांब. मग कुशीवर, गालाखाली हात. आणि मग कशाला तरी धरून, हिसका न बसता उठायचं.

डाळिंबी सोफा ताठ बसेपर्यंत ठीक होता. डावीकडे कललं की मधोमध खड्डा पडून कंबर त्यात रुतायची, आणि उठताना तर जोरात झोकाच द्यावा लागायचा. "हा नको," बकुळी म्हणाली.

मोरपिशी सोफा कुशीवर झोपायला सुंदर होता. पण टेकून बसलं की मान मागे लटकायची. चांदण्यांच्या बुट्ट्यांचा सोफा इतका कडक होता, की पाय लांब केला की घसरायलाच होई.

"मग हा घे," परी म्हणाली आणि तिने एक भलामोठा सोफा पुढे आणला. त्याच्या हातावर रंगीत मणी होते. निळा दाबला की पाठ मागे जायची, लाल दाबला की पाय वर यायचे, हिरवा दाबला की मानेखाली उशी फुगायची. "सगळ्यांत भारी. राणीसाहेबांसाठी ठेवलेला."

बकुळीने मणी दाबून पाहिले आणि आईची सगळी आसनं करून पाहिली. मग मान हलवली. "प्रत्येक वेळी मण्यांकडे वळावं लागतं. आईला वळलं की सगळ्यांत जास्त दुखतं. आणि तिच्या दोन्ही हातांत कामट्या असतात."

"आता याला मी काय करू?" परी म्हणाली. "दुपार कलली. माझे पंख गळून आले."

"तू जरा बस ना, मावशी. सकाळपासून उभीच आहेस."

परी म्हणाली, "मला आजवर कुणी बस म्हटलेलं नाही." ती डाळिंबी सोफ्याच्या हातावर टेकली आणि या वेळी मावशी म्हटल्याबद्दल काही बोलली नाही.

बकुळी सोफ्यामागून सोफा बघत राहिली. बारावा झाला, पंधरावा झाला. तोच ताठपणा, तोच कल, तोच वर घेतलेला गुडघा. होता होता तिचीच पाठ भरून आली. डाव्या पायाला मुंग्या आल्या. कसंही वळलं तरी बरं वाटेना. तिला वाटलं, कुणीतरी पाठीला काहीतरी लावावं. पण काय लावावं आणि कुठे, ते तिला सांगता आलं नसतं.

तशी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता रडायला काय झालं?" परीने विचारलं, पण आवाज मघासारखा नव्हता.

"मी आईला म्हटलं, एकदाच सांग. तिला सांगताच येत नव्हतं, मावशी. मला आत्ता कळलं."

परी उडत तिच्याजवळ आली. मग म्हणाली, "एक सोफा मी कुणाला दाखवत नाही. तो अजून पुरा झालेला नाही."

सगळ्यांत जुन्या सावरीच्या मुळांमधून तिने तो बाहेर ओढला. त्याला झालर नव्हती, मोती नव्हते. रंग दुधावरच्या सायीसारखा, आणि अंग नुसतं ओबडधोबड. "हा ज्याच्यासाठी असेल त्याचं बसणं याला शिकवावं लागतं," परी म्हणाली. "एकदा शिकला की विसरत नाही. पण कुणाला दुसऱ्याचं बसणं एवढं ठाऊकच नसतं. उड्या मारतात आणि म्हणतात, ह्यात गोळे आहेत. सूर्य बघ कुठे आलाय. जमेल?"

सूर्य डोंगरापासून वीतभर वर होता. बकुळीने डोळे पुसले आणि ती सोफ्यावर बसली.

ती ताठ बसली, तसा सोफा तिच्या कमरेमागे हळूच भरून आला. ती डावीकडे कलली. डाव्या अंगाखाली तो मऊ झाला आणि उजवीकडून त्याने आधार दिला. गुडघा वर घेतला, तिथे उंचवटा आला. मागे टेकली, तर मानेखाली इवलीशी उशी उमलली, मणी न दाबता, काही न सांगता. ती कुशीवर झाली, सोफा लांब झाला. ती उठायला लागली, तसा त्याचा काठ घट्ट झाला आणि त्याने तिला अलगद उभं केलं.

आकाश केशरी झालं होतं.

"अजून एक राहिलं," परी घाईने म्हणाली. "हे सगळं दुखत असतानाचं. दुखत नसेल तेव्हा तुझी आई कशी बसते?"

बकुळी गोंधळली. किती महिने तिने ते पाहिलंच नव्हतं. सूर्य अगदी डोंगराला टेकायला आला. आणि मग तिला आठवलं: ओढ्याकाठच्या सपाट खडकावर आई बसली आहे, दोन्ही पाय पसरून, हात मागे टेकवून, आणि बकुळी तिच्या अंगावर रेलून चिंचा खाते आहे. बकुळी तशी बसली आणि शेजारी स्वतःपुरती जागा सोडली. सोफा तेवढा रुंद झाला.

"हाच," बकुळी म्हणाली.

परीने टिचकी वाजवली, आणि सोफा, परी आणि बकुळी तिघंही घराच्या ओटीवर होती.

हौसा भिंतीला धरून बाहेर आली. परी तिला दिसली नाही, सोफा मात्र दिसला. "हे कुणाचं उचलून आणलंस गं? आधी परत नेऊन ठेव."

"तुझाच आहे, आई. बस तर खरी."

"मला नाही बसवत कशावर, माहीत आहे ना तुला?" असं पुटपुटत हौसा टेकली. सवयीने ती डावीकडे कलली. मग थांबली. मग गुडघा वर घेतला, मागे रेलली, पाय लांब केला. प्रत्येक वेळी तिचा चेहरा दुखण्याच्या तयारीने आक्रसायचा आणि दुखायचं नाही. शेवटी तिने दोन्ही पाय पसरले, हात मागे टेकवले आणि शेजारची मोकळी जागा पाहिली.

"ये," ती म्हणाली. बकुळी तिच्याजवळ जाऊन बसली.

"मावशी, तूही ये," बकुळी हळूच म्हणाली. विसावापरी हसली. सबंध दिवसात ती पहिल्यांदाच हसली होती. तिचे निळे, जांभळे, सोनेरी पंख एकदम उजळले, सगळी ओटी सोन्यासारखी झाली, झेंडूची फुलं दिव्यांसारखी पेटली, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

दुसऱ्या दिवशी हौसाने एक करंडी विणायला घेतली आणि न उठता पुरी केली. आठवड्यात दारात टोपल्यांची रास लागली आणि डबा पिठाने भरला. बाजारच्या दिवशी बकुळी डोक्यावर पाच टोपल्या घेऊन निघाली, तेव्हा हौसा सोफ्यावर आरामात लोळून तिला हाक मारत होती, "बकुळे, येताना गूळ आण गं, आज पुरणपोळी करू."

सगळ्यांच्या पाठीला आधार मिळो, आणि आता ही गोष्टही जरा टेको.