धार गेली की ये

खाडीत अजून धुराची बोट आली नव्हती आणि कांदळबंदरची माणसं शिडाच्या पडावांतून दर्यावर जात होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणी नीट सांगत नाही. कुणी सहा पिढ्या म्हणतं, कुणी आठ. पण बंदराच्या वाटेवर, सुरंगीच्या झाडाखाली आवडी लोहारणीची ऐरण होती, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

आवडीचे आईबाप एकाच साथीत गेले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिचा भाऊ धाकू सात वर्षांचा. तिनं बापाची हातोडी उचलली आणि भात्याची दोरी धाकूच्या हाती दिली. आधी लोक नुसते विळे आणि कोयते धार लावायला आणायचे. मग तिनं घडीचे चाकू घडवायला सुरुवात केली. पातं मिटून मुठीत जायचं आणि मिटलेला चाकू बंडीच्या खिशात. दर्यावरच्या माणसाला दिवसभर त्याची गरज. दोर कापायचा, जाळ्याची गाठ सोडवायची, सुपारी कातरायची, काटा काढायचा. आवडीचा चाकू खिशात असला की दुसरं हत्यार लागत नाही, असं म्हणतात.

तिला स्थळं आली. "धाकू मोठा होऊ दे," म्हणून तिनं ती परतवली. धाकू मोठा झाला तोवर स्थळं यायची थांबली होती. तिनं त्याची खंत केली नाही. सकाळी भाता फुसफुसायला लागायचा, निखारे लाल व्हायचे, आणि पलीकडून धाकू म्हणायचा, "बाय, लोखंड पिकलं गो." तेवढं तिला पुरे होतं.

विसाव्या वर्षी धाकू म्हणाला, "बाय, मी भिवा तांडेलाच्या पडावावर जातो."

आवडी दोन दिवस ऐरणीवरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा झाली आणि पडावाला शिडं चढली. तेव्हा तिनं झाडाखाली बारदान अंथरलं आणि त्यावर नऊ चाकू ओळीनं मांडले. "दर्यावर रिकाम्या खिशानं जाऊ नये," ती म्हणाली. "घे एक. तुझ्या हातानं निवड."

धाकू उकिडवा बसला. तो निवडत होता ते बघायला अर्धं बंदर जमलं होतं, असं म्हणतात. त्यानं पहिला चाकू उघडला, पात्याचं टोक दोन बोटांत धरून मूठ हलवली. "हा नको. खीळ आत्ताच डुलते, म्हातारपणी काय करील?"

"ती खीळ तू ठोकलीस," आवडी म्हणाली.

लोक हसले. धाकूही हसला. दुसऱ्या चाकूची मूठ म्हशीच्या शिंगाची होती, काळी आणि तुकतुकीत. त्यानं पाण्याच्या डोणीत हात बुडवला आणि ओल्या हातानं मूठ धरली. ती निसटली. "लग्नात मिरवायला बरा. ओल्या दोरावर माझीच बोटं कापील." तिसरा मिटला तरी मुठीबाहेर बोटभर उरत होता, तो त्यानं ठेवून दिला. चौथा मिटताना आवाज झाला तो त्याला पटला नाही. चांगला चाकू मिटताना टक् असा एकच आवाज होतो, हे त्याला आवडीनंच शिकवलं होतं. एकेका पात्याची धार त्यानं अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. धार नखावर अडली पाहिजे, घसरता कामा नये. दुपार झाली तरी नऊच्या नऊ चाकू बारदानावरच होते.

मग त्याची नजर आवडीच्या कमरेकडे गेली. "तो दाखव."

"तो द्यायचा नाय."

"का?"

आवडीनं कमरेवर हात दाबला. ते का, हे धाकूला ठाऊक होतं. त्यांच्या आईची विळी होती. आई गेल्यावर तिच्यावर भाजी चिरायला दोघांचाही हात धजला नाही. शेवटी आवडीनं ते पातं काढून त्याचा एक चाकू घडवला होता, बोरीच्या लाकडाची साधी मूठ लावून. तो ती कमरेला बाळगायची आणि कुणाला दाखवायची नाही.

तिनं तो काढून बारदानावर ठेवला. धाकूनं उचलला, उघडला, हलवला, ओल्या हातानं धरला, मिटला. टक् असा एकच आवाज आला. नखावर धार अशी अडली की नखावर पांढरी रेघ उमटली. मग धाकू तो चाकू खिशात ठेवायला लागला.

तेवढ्यात पडावावरून हाक आली. रडू येण्याऐवजी तिला राग आला. तिचं नेहमीच तसं व्हायचं.

धाकूला ते कळलं नाही. तो गंमतीनं म्हणाला, "बाय, खाऱ्या वाऱ्यात दोन महिने तरी टिकेल ना गो याची धार?"

"दोन महिने?" आवडी म्हणाली. "माझ्या हातचं पाणी प्यायलंय ते पातं. ऐक. धार गेली की ये. तोवर तोंड दाखवू नको."

"बरं," धाकू म्हणाला. "धार गेली की येतो."

दोघंही एकाच आईची मुलं. शब्द दिला की दिला. पडाव खाडीच्या तोंडाशी वळेपर्यंत आवडी ऐरणीपाशी उभी होती, आणि ऐरणीवर लोखंड नव्हतं.

दोन महिने गेले, भिवाचा पडाव परतला, पण धाकू दक्षिणेतच दुसऱ्या पडावावर चढला होता. दिवाळी आली. भाऊबिजेला गावातल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, आणि आवडी पाट मांडून बसली. बहीण सासरी जाते आणि भावाची वाट बघते, अशी जगाची रीत. इथं बहीणच घरी राहिली होती आणि भावाचं माहेर होऊन बसली होती. पाट रिकामा राहिला. दुसऱ्या वर्षीही राहिला.

मग दर्यावरून गोष्टी येऊ लागल्या. धाकूनं वादळात मनगटाएवढा नांगराचा दोर एका ओढीत कापला आणि अठरा माणसं वाचवली, असं म्हणतात. त्याचा चाकू पाण्यावरून ओढला तर पाणी क्षणभर दुभंगून राहतं, असं म्हणतात. दक्षिणेच्या एका बंदरात एवढा मोठा मासा किनाऱ्याला लागला की त्याची सावली तीन घरांवर पडली. कोयते बोथट झाले, आणि धाकूनं तो मासा खिशातल्या चाकूनं सोलला. पात्याला दातभरही खोट आली नाही, असं म्हणतात.

लोक आवडीला या गोष्टी कौतुकानं सांगायचे. ती ऐकायची आणि विचारायची, "म्हणजे धार आहे अजून?"

"आहे म्हणजे? नवीसारखी."

मग ती आत जायची.

पण जसजशी वर्षं गेली, तसतशा गोष्टी येणंही थांबलं, आणि आवडीच्या मनात दुसरंच भय शिरलं. पातं तुटलं तर नसेल? ऐन वेळी दगा तर दिला नसेल पात्यानं? आपल्या हातून पाणी कमीजास्त झालं असेल का? भाऊ दर्यात बुडाला असेल तर तो आपल्या चाकूमुळे, असं तिला वाटायचं. म्हणून ती पुढचा चाकू आदल्यापेक्षा चांगला घडवायची. लोखंड सात वेळा घडी घालून ठोकायची. तापलेलं पातं बुडवून त्याला पाणी द्यायला झऱ्यावरून ठरावीक वेळेला घागर आणायची. लांबून लांबून माणसं येत आणि तिचे चाकू घेऊन जात. प्रत्येकाला ती तेच सांगायची, "धार गेली की ये." ते शब्द तिच्या तोंडात बसले होते.

आणि कुणी येत नव्हतं.

एकदा भिवा तांडेलाची बायको काशी पाण्याची घागर खाली ठेवून म्हणाली, "आवडे, एक विचारू? माझे दोन मुलगे तुझे चाकू घेऊन गेले. धोंडूच्या घरचा गेला. वरच्या वाडीचे तीन गेले. एक तरी परत फिरला का गो?"

"माझ्या चाकूत काय खोट आहे का?"

"खोट असती तर बरं झालं असतं," काशी म्हणाली, आणि घागर उचलून चालती झाली.

आवडी त्या दिवशी उगीचच भाता ओढत राहिली, असं म्हणतात.

बत्तीस वर्षं झाली. आवडीचे केस पांढरे झाले आणि हातोडी उचलताना खांदा दुखायला लागला. त्या वर्षी नवरात्रात दक्षिणेकडचा एक पडाव बंदराला लागला. त्यातून तिशीच्या आतबाहेरची एक बाई उतरली. तिनं कुणाला वाट विचारली नाही. सरळ सुरंगीच्या झाडाशी आली, आवडीपुढं बसली, आणि पदराच्या गाठीतून एक चाकू काढून बारदानावर ठेवला. बोरीची मूठ हातानं घासून काळी झाली होती.

"बाय," ती म्हणाली, "धार गेली."

आवडीनं चाकूला हात लावला नाही. आधी तिनं त्या बाईच्या तोंडाकडं पाहिलं. भुवया थेट आवडीच्या आईच्या होत्या.

"तू कोण गो?"

"शेवंती. धाकूची लेक."

"आणि तो?"

शेवंतीनं चाकूच तिच्याकडं सरकवला. आवडीला कळलं. तिनं चाकू उचलून उघडला. खीळ डुलत नव्हती. पातं थोडं झिजलं होतं. सुपारीनं झिजतं तसं टोकाजवळ आणि दोरानं झिजतं तसं मुठीजवळ. मधोमध मऊ झीज होती. ती लेकराला फळं सोलून देणाऱ्या माणसाच्याच पात्याला येते. बत्तीस वर्षं त्या पात्यावर लिहिली असावीत तितकं स्पष्ट तिला ते दिसलं. भाऊ बुडाला नव्हता. जगला होता, सुखानं जगला होता. मग तिनं धार नखावर टेकवली. धार घसरली.

तिनं पातं उन्हाकडं धरलं. धारेवर बारीक आडवे ओरखडे होते, सगळे एकाच बाजूला गेलेले. "ही वापरून गेलेली नाय," ती म्हणाली. "दगडावर घासून मोडलीय. कुणी केलं हे?"

"बाबांनीच," शेवंती म्हणाली. "दर खंडेनवमीला ते चाकू नखावर बघायचे. आधी हसायचे. म्हणायचे, बायचा हात बघा, अजून येऊ देत नाय मला. पुढं पुढं हसायचे नाहीत. आई म्हणायची, असेच जा की. तर म्हणायचे, शब्द दिलाय, धार घेऊन कुठल्या तोंडानं उभा राहू? मग गेल्या दिवाळीपासून रोज सकाळी दगड घेऊन बसायला लागले. धार जाईना. शिमग्याला म्हणाले, गेली एकदाची, पडाव बघ. पडाव ठरला, आणि चार दिवस आधी ते..." तिनं पदराची गाठ आवळली. "मग पाऊस लागला. म्हणून मला उशीर झाला."

आवडीनं पातं मांडीवर ठेवलं. तिचं काम इतकं चांगलं होतं की त्यानं तिचा भाऊ बत्तीस वर्षं अडवून धरला होता. दोन महिन्यांत जाणारी धार दिली असती तर तो दोन महिन्यांत आला असता.

"बाबा म्हणाले, बायकडून धार लावून घे," शेवंती हळूच म्हणाली.

"लावून देईन. आधी जेव."

पण तिनं त्या दिवशी धार लावली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, दगड ओला आहे. शेवंतीनं आत्याची चूल पेटवली, भात्यापाशी बसली, आणि तिचा हात दोरीवर पडला तेव्हा आवडीनं ऐरणीकडं तोंड फिरवलं. चौथ्या दिवशी शेवंती म्हणाली, "आत्या, माझी मुलं वाट बघत असतील."

"ठाऊक आहे," आवडी म्हणाली. "धार लावली की जाशील, म्हणून लावत नव्हते."

खंडेनवमीच्या सकाळी तिनं निखारे फुलवले. आईच्या विळीचं ते पातं पुन्हा लाल केलं आणि त्याला पाणी दिलं. पण या खेपेला हात राखून. पातं डोणीत बुडवलं आणि लोखंडाचा आवाज थांबायच्या आतच वर काढलं. मग दगडावर धार लावली, नखावर टेकवली, मान हलवली. चाकू मिटून बारदानावर ठेवला.

"वर्षभर चालेल," ती म्हणाली. "वर्षाच्या वर नाय. धार गेली की ये."

पुढच्या नवरात्रात शेवंती आली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी पातं थोडं बारीक व्हायचं, आणि आवडी गेली तोवर ते गवताच्या पात्याएवढं झालं होतं, असं म्हणतात. आवडीनं आयुष्याच्या उरलेल्या वर्षांत वर्षाच्या वर धार टिकेल असा चाकू कधी घडवला नाही. ही खबर ऐकून काशीचे मुलगे आपले जुने चाकू दर्यात फेकून नवे घ्यायला आले. एकजण टकला झाला होता. काशीनं त्याला आधी ओळखलंच नाही आणि मग आठ दिवस घराबाहेर सोडलं नाही.

कांदळबंदरचे लोहार आजही पात्याला पाणी देताना शेवटी हात राखतात. त्याला आवडीचा हात म्हणतात. घरातलं कुणी परगावी निघालं की आई किंवा आजी त्याच्यासाठी खिशातला चाकू निवडायला स्वतः जाते. खीळ हलवून बघते, ओल्या हातानं मूठ धरते, मिटताना कान देते, धार नखावर टेकवते. सगळं पटलं तरी पिशवीत टाकण्याआधी एकदा विचारते, "वर्षात जाते ना?" लोहार हो म्हणाला तरच घेते.

आणि खंडेनवमीला माणसं घरी येतात. पुण्याहून येतात, जहाजांवरून येतात, आखातातून येतात. आता चाकू आगबोटीत चालतो, विमानात नाही, म्हणून पुष्कळांच्या खिशात तो नसतोच. तरी येणारा उंबऱ्याबाहेर थांबतो. आलो असं म्हणत नाही. "धार गेली," म्हणतो.

आतून उत्तर येतं, "ये, लावून देते."

त्याचा चाकू उघडून कुणी बघत नाही.